हरलेल्याचा विनोद : ॲशेस, रणजी आणि मधली परभणी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण बाहेरच्या माणसाला ऐकवली की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे काय?" परभणीकर त्याचे उत्तर देत नाही, तोही हसतो. 'बनी तो बनी, नही तो परभणी' ही दुसरी म्हणही अशीच. कुठेच काही जमले नाही तर शेवटी आहेच आपली परभणी, असे म्हणून घेण्यात फजितीची कबुली आहे आणि थोडा हट्टही आहे. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच आपल्याला हसून घ्यायचे, ही आमच्या जिल्ह्याची जुनी रीत आहे. क्रिकेटमधल्या सर्वांत प्रसिद्ध चुरशीचे मूळही नेमक्या अशाच एका विनोदात आहे. त्या विनोदापासून परभणीच्या एका ओसरीपर्यंत जाण्याचा हा प्रयत्न.

ओसरी आमच्याच घरची. भाऊबीजेला पुण्याचे मामा आईकडे यायचे, नागपूरला दिलेली आत्या माहेरी यायची आणि मुंबईत नोकरीला असलेला थोरला चुलतभाऊ चार दिवस रजा काढून यायचा. हैदराबादला शिकलेले आजोबा खुर्चीत बसलेले असत. फराळाची ताटे पुढे आली की पहिला विषय पिकापाण्याचा, दुसरा लग्नकार्याचा आणि तिसरा क्रिकेटचा. भारताच्या सामन्यावर सगळे एकमताचे असल्यामुळे त्यात फारशी मजा नसे. मजा यायची ती रणजी करंडकाचा विषय निघाला की. कारण तिथे एका घरात चार संघ होते, आणि परभणीला जन्मलेल्या आम्हा पोरांना कोणत्या संघाचे व्हावे हे कोणीच सांगून ठेवलेले नव्हते.

एक राज्य, तीन संघ

महाराष्ट्रातून रणजी करंडकात तीन संघ खेळतात. मुंबई आणि तिच्या लगतच्या भागाचा एक. नागपूर मुख्यालय असलेला विदर्भाचा दुसरा. उरलेल्या मुलखाचा तिसरा. त्याचा कारभार पुण्यातून चालतो आणि त्याचे नाव 'महाराष्ट्र'. राज्याचे नाव ज्या संघाला आहे, त्यात राज्याची राजधानीही नाही आणि उपराजधानीही नाही. परदेशातल्या माणसाला हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

याचे कारण साधे आहे. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तेव्हा आजचे महाराष्ट्र राज्य अस्तित्वातच नव्हते. क्रिकेटचे संघ त्या काळच्या प्रांतांवर, संस्थानांवर आणि मोठ्या शहरांच्या संघटनांवर उभे राहिले. मुंबई शहराचा दबदबा आधीपासून होता. पुण्याच्या लोकांनी आपला वेगळा संघ मागितला आणि त्याला 'महाराष्ट्र' असे नाव दिले. म्हणजे १ मे १९६० रोजी राज्य झाले, त्याच्या पंचवीस वर्षे आधीच या नावाचा संघ मैदानात उतरत होता. नागपूरकडचा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने खेळत असे. पुढे पन्नाशीच्या दशकात तो विदर्भ म्हणून खेळू लागला.

आणि परभणी? परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणून आजोबांचा संघ हैदराबाद. रणजी स्पर्धेतले अगदी पहिले शतक हैदराबादच्या एस. एम. हादी यांचे, हे ते प्रत्येक दिवाळीत न चुकता सांगायचे. १९३७-३८ मध्ये हैदराबादने नवानगरला अंतिम सामन्यात एका गड्याने हरवून करंडक जिंकला. त्या विजयात एदलजी ऐबारा यांच्या नाबाद १३७ धावा होत्या. "तेव्हा आपण तिकडंच होतो की," आजोबा म्हणायचे. "म्हणजे तो करंडक परभणीचाबी हाय." संस्थानाच्या राजवटीचे चटके बसलेल्या पिढीतले ते. तरीही क्रिकेटपुरते हैदराबाद त्यांचे होते. राजवट वेगळी आणि शहराची ओढ वेगळी, हे त्यांच्याकडून प्रथम कळले.

पुणे विरुद्ध मुंबई

मामांचा आणि दादाचा वाद जुना आहे. त्या दोघांहून कितीतरी जुना. त्याचे पहिले मोठे नाव प्राध्यापक दि. ब. देवधर. संस्कृत शिकवणारे हे गृहस्थ १८९२ चे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. नोव्हेंबर १९४० मध्ये पुण्यात मुंबईविरुद्ध देवधरांनी २४६ धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या आणि मुंबई ६५० पर्यंत येऊन थांबली. पंचवीस धावांच्या आघाडीवर सामना गेला. मामा हे सांगताना असे बोलत, जणू त्या पंचवीस धावा त्यांनीच अडवल्या होत्या.

मुंबईने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. १९४३-४४ च्या मोसमात विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या. मग १९४८-४९ मध्ये पुण्यातच दोन्ही संघांचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, नऊ शतके. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यात इतक्या धावा अजून कुठेही झालेल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. पण गंमत अशी की हा विक्रम दोघांनी मिळून केलेला आहे. मुंबईकराला त्याचा अभिमान सांगायचा तर महाराष्ट्राच्या १०११ धावा सांगाव्याच लागतात, आणि पुणेकराला तो सांगायचा तर पराभव कबूल करावाच लागतो.

त्याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर खेळत होते. डॉन ब्रॅडमन यांच्या तेव्हाच्या ४५२ च्या जागतिक विक्रमाला फक्त नऊ धावा कमी. पण काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार देऊन सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पुणेकरांच्या मनात ही नऊ धावांची बोच अजून आहे, आणि मुंबईकरही या एका गोष्टीवर पुणेकरांची टिंगल करत नाही. चांगल्या चुरशीत काही दुःखे दोघांची असतात.

पुढचा काळ मात्र एकतर्फी झाला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे राहिला. १९७०-७१ मध्ये मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले असताना महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला. आता तरी आपला करंडक, असे मामांना वाटले होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालच्या मुंबईच्या उरलेल्या संघाने तो सामनाही जिंकला. "आमची दुसरी फळी तुमच्या पहिल्या फळीला भारी," हे दादाचे हुकमी वाक्य त्या सामन्यातून आलेले. दादाचा जन्म तेव्हा झालेलाही नव्हता. चाहत्यांची स्मृती अशीच असते. ती वारशाने मिळते.

एका राखेची गोष्ट

आता थोडे लांब जाऊ. आम्ही पोरे हिवाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास उठून, गोधडीत बसून ऑस्ट्रेलियातले ॲशेसचे सामने दूरदर्शन संचावर पाहायचो. त्या दोन देशांशी आमचे काही देणेघेणे नव्हते. तरी तो खेळ आमच्या ओसरीसारखाच वाटायचा. का, ते पुढे वाचनातून उलगडले.

ऑगस्ट १८८२ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला जिंकायला ८५ धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या फ्रेड स्पॉफर्थ यांनी त्या सामन्यात १४ बळी घेतले आणि इंग्लंड ७७ वर गारद झाला. सात धावांनी हार. आपल्याच घरी, आपल्याच वसाहतीतल्या लोकांकडून. दुसऱ्या कुठल्या देशात अशा वेळी शिव्याशाप झाले असते. लंडनच्या 'स्पोर्टिंग टाइम्स' या पत्राने एक खोटा मृत्युलेख छापला : इंग्लिश क्रिकेटचे निधन झाले आहे, देहाला अग्नी दिला जाईल आणि राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडचे कर्णधार आयव्हो ब्लाय संघ घेऊन तिकडे गेले, ते ही राख परत आणायला निघाल्याचे गमतीने सांगतच. मेलबर्नच्या काही स्त्रियांनी त्यांना खरोखरच मातीची एक छोटी कुपी भेट दिली. ती जेमतेम अकरा सेंटिमीटर उंच आहे. आपल्या देवघरातल्या गडूपेक्षाही लहान. ब्लाय १९२७ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नीने ती लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबला दिली. आज मालिका कोणीही जिंको, मूळ कुपी लॉर्ड्‌सच्या संग्रहालयातच राहते.

या कथेतला महत्त्वाचा भाग बहुतेक जण विसरतात. तो विनोद ऑस्ट्रेलियाने इंग्लंडवर केलेला नव्हता. इंग्रजांनी स्वतःवर केला होता. हरलेल्याने स्वतःला हसून घेतले आणि जिंकणाऱ्याने ती थट्टा पुढे चालवली. दोघांनी मिळून एक खेळणे बनवले, आणि सव्वाशेहून अधिक वर्षे दोघेही त्याच्याशी खेळत आहेत.

ही रीत प्रेक्षकांतही उतरली. सिडनीच्या मैदानावर टेकडीसारख्या उतारावर बसून ओरडणारा याब्बा हा ससे विकणारा फेरीवाला तिथे इतका लाडका झाला, की २००८ मध्ये त्या मैदानात त्याचा पुतळा बसवला गेला. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन चेहऱ्यावरच्या माशा हाकलत होता, तेव्हा 'त्या माशांना सोड, इथे तुला दुसरे कोणी मित्र नाहीत' अशा अर्थाचे काहीतरी याब्बा ओरडला, अशी आख्यायिका आहे. १९९४-९५ मध्ये इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात मार खात असताना गाणी म्हणत बसलेल्या इंग्रज चाहत्यांना तिथल्या वृत्तपत्रांनी 'बार्मी आर्मी', म्हणजे खुळ्यांची फौज, म्हटले. चाहत्यांनी ते नाव आनंदाने घेतले आणि आज तेच नाव लावून ते जगभर फिरतात. पुन्हा तेच : शत्रूने दिलेली शिवी त्यांनी टोपीसारखी डोक्यावर घातली.

थट्टा कधी बिघडते

चुरस नेहमीच प्रेमळ राहते असे नाही. जार्डिनचेच उदाहरण घेऊ. हा कडक इंग्रज कर्णधार जन्मला होता मुंबईत, १९०० मध्ये. १९३२-३३ च्या दौऱ्यात ब्रॅडमनला रोखण्यासाठी त्याने वेगवान गोलंदाजांना फलंदाजांच्या अंगावर चेंडू टाकायला लावले. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचे कर्णधार वुडफुल यांना छातीवर चेंडू लागला, यष्टिरक्षक ओल्डफील्ड जखमी झाले. दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांमध्ये तारा गेल्या आणि 'खिलाडू वृत्तीला सोडून' हे शब्द वापरले गेले. सरकारपर्यंत प्रकरण पोहोचले. इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. हॅरॉल्ड लारवूडने ३३ बळी घेतले आणि त्यानंतर तो एकही कसोटी खेळला नाही. जार्डिन मात्र पुढच्याच वर्षी संघ घेऊन भारतात आला. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी तीत शतक ठोकले, ते याच जार्डिनच्या संघाविरुद्ध.

या कडू कथेचा शेवट मात्र गोड आहे. खाणकामगार म्हणून आयुष्य सुरू केलेला लारवूड १९५० मध्ये कुटुंबासह सिडनीला राहायला गेला. ज्या देशाच्या फलंदाजांच्या बरगड्या त्याने शेकल्या होत्या, त्या देशाने त्याला घर दिले. त्याला तिथे स्थिरावायला मदत करणाऱ्यांत जॅक फिंगलटन होते. त्याच मालिकेत त्याचे चेंडू अंगावर घेतलेले फलंदाज. १९९५ मध्ये लारवूड तिथेच वारला.

आपल्याकडे बिघडलेल्या चुरशीचे उदाहरण मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचे. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि 'इतर' अशा धर्मावर बेतलेल्या संघांचे हे सामने प्रचंड लोकप्रिय होते. गर्दी जमायची, पैजा लागायच्या. तिथेही उमदेपणा होता. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या आणि 'इतर' संघाच्या ३८७ पैकी एकट्या विजय हजारे यांनी ३०९. मर्चंट मोठे की हजारे, हा वाद धर्माच्या कुंपणापलीकडे गेला. पण त्या स्पर्धेत एक दोष मुळातच होता. हजारे सांगलीचे, मराठी, पण ख्रिस्ती. म्हणून ते 'इतर'. संघ जन्मावरून ठरत होता. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी मुंबईकरांना खेळातला हा जातीय हिशेब सोडून देण्याचा सल्ला दिला. १९४५-४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली.

लारवूड सिडनीकर होऊ शकला; पंचरंगीतला खेळाडू दुसऱ्या संघात जाऊ शकत नव्हता. फरक इथे आहे. ज्या चुरशीत कुंपण ओलांडता येते, समोरच्याच्या घरी जाऊन राहता येते, ती चुरस थट्टेच्या पातळीवर राहते. जिथे कुंपण ओलांडताच येत नाही, तिथे थट्टेचे वैर व्हायला वेळ लागत नाही.

नागपूरच्या आत्याची पाळी

आमच्या ओसरीत आत्या बरीच वर्षे गप्प होती. विदर्भाचा संघ म्हणजे इतरांनी गुण कमवायचे ठिकाण, असे मुंबईकर उघड म्हणत. दादा तिला चिडवायचा आणि ती, "जाऊ दे रे, लाडू खा," म्हणून विषय बदलायची.

मग १ जानेवारी २०१८ उजाडला. इंदूरच्या मैदानावर फैज फजलच्या विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा विदर्भ, तेही नागपूरला. त्या दिवाळीला आत्या दारातूनच बोलत आली. "काहून रे भाऊ, चूप बसून राहिले सगळे? दोन वर्षांत दोन नेले आम्ही. पुण्याचे किती झाले?"

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "वन्स, आम्हीही दोन वर्षांत दोनच नेले होते," ते शांतपणे म्हणाले. "फक्त जरा आधी."

घर हसून लोळले. ऐंशी वर्षांचा दुष्काळ एका वाक्यात मामांनीच सांगून टाकला होता. हा 'स्पोर्टिंग टाइम्स'चा मृत्युलेखच की! दुसऱ्याने बोलण्याआधी आपली राख आपणच कुपीत भरायची.

पण आत्याच्या विजयात एक गोम होती आणि ती दादाने बरोबर पकडली. विदर्भाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. २०१८-१९ च्या मोसमात १०३७ धावा काढणारा वसीम जाफर मूळचा मुंबईचा. "म्हणजे मुंबईच जिंकली," दादा म्हणाला. आत्या म्हणाली, "लग्न होऊन आलेली सून कोणत्या घरची असते रे?" परभणीहून नागपूरला गेलेल्या बाईचा हा प्रश्न होता. त्यावर कोणीच काही बोलले नाही. दादाने तिच्या ताटात एक चकली वाढली.

पुढचे हिशेब वाचकांना ताजे असतील. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले आणि आपला ४२ वा करंडक घेतला. पण ५३८ चे लक्ष्य समोर असताना विदर्भ ३६८ पर्यंत लढला आणि कर्णधार अक्षय वाडकरने शतक केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी परत पाठवले आणि पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा करंडक घेतला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम. २०२५ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राच्या संघात आला. ये-जा सुरूच आहे. आणि ती सुरू आहे तोवर काळजीचे कारण नाही.

मध्यंतरी ही तीन घरे एकच करावीत असा विचारही पुढे आला होता. लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' अशी शिफारस केली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. म्हणजे क्रिकेट मंडळात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांना मिळून एकच मत. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने ही अट सैल करून तिघांनाही पूर्ण सदस्यत्व परत दिले. कारभाराच्या बाजूने त्या शिफारशीत तथ्य असेलही. पण ज्यांच्यात चुरस आहे त्यांनी वेगळे राहूनच एकमेकांना मोठे केले आहे, हे २३७६ धावांचा तो सामना सांगतोच.

आणि परभणी कुठे?

या सगळ्या चिडवाचिडवीत आम्ही परभणीची पोरे काय करत होतो? टाळ्या वाजवत होतो. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. मराठवाडा नियमाने महाराष्ट्राच्या संघात येतो, पण तो संघ मनाने पुण्याचा, असे आम्हाला वाटायचे. ज्याला चिडवायला स्वतःचे असे काही नाही, त्याची थट्टा लवकर तक्रारीत बदलते. पाणी, रस्ते, रेल्वे, नोकऱ्या या सगळ्यांबद्दल मराठवाड्याची जी तक्रार आहे, तीच क्रिकेटच्या गप्पांतही डोकवायची. "आमचं पोरगं घेतेत का कधी संघात?" असे एखादा शेजारी म्हणाला की ओसरीतली मजा क्षणभर थांबायची. थट्टा करायलाही बरोबरीची जागा लागते. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला मनापासून थट्टेत घेतले, ते सात धावांनी हरल्यावर.

ती जागा हळूहळू तयार झाली. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून खेळत २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. बीडला जन्मलेला संजय बांगर रेल्वेच्या संघातून भारताकडे गेला. बीडच्याच सचिन धसने २०२४ चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक गाजवला.

पण आमच्या ओसरीत ज्याची गोष्ट सर्वाधिक वेळा सांगितली जाते, तो जालन्याचा विजय झोल. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ केल्या होत्या. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्राचा रणजी उपांत्यपूर्व सामना मुंबईशी होता. वानखेडेवर, गतविजेत्यांच्या अंगणात. शेवटच्या डावात केदार जाधवने नाबाद १२० आणि झोलने नाबाद ९१ केल्या, आणि महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला. जालना म्हणजे आमच्याच लोहमार्गावरचे गाव. मनमाडहून येणारी गाडी जालन्यावरून परभणीला आणि पुढे हैदराबादकडे जाते. त्या वर्षीचा अंतिम सामनाही हैदराबादलाच झाला. महाराष्ट्र कर्नाटकाकडून हरला, पण आजोबा म्हणाले, "पोरगं आपल्या गाडीनंच हैदराबादला गेलं की." गाडी कोणती, कोण जाणे. पण त्या दिवशी पुण्याचा संघ पहिल्यांदा आमचा झाला.

त्या दिवाळीत दादा जरा सांभाळून बोलत होता. मीच त्याला म्हणालो, "दादा, जालन्याच्या पोरानं हाणलं की तुमाला!" तो हसला आणि म्हणाला, "आता कसं, आता तू बोलायला लागलास." त्याच्या बोलण्यात हरल्याचे दुःख कमी आणि गडी मिळाल्याचा आनंद जास्त होता. इतकी वर्षे तो मामांशी आणि आत्याशी भांडत होता. धाकट्या भावाशी भांडायला त्याला आता कुठे कारण मिळाले होते.

खेळातल्या मैत्रीबद्दल आपण बोलतो, तेव्हा २००५ च्या बर्मिंगहॅम कसोटीचे चित्र हमखास आठवते. इंग्लंड दोन धावांनी जिंकला, आणि अँड्र्यू फ्लिंटॉफ जल्लोष सोडून खाली बसलेल्या ब्रेट ली याच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. ते चित्र सुंदर आहेच. पण तो जिंकणाऱ्याचा मोठेपणा आहे, आणि जिंकल्यावर मोठे होणे त्या मानाने सोपे. चुरस टिकवून धरतो तो हरलेला. तो हसला तर पुढच्या वर्षी पुन्हा ताटे मांडता येतात. तो रुसला तर ओसरी रिकामी होते.

आजोबा आता नाहीत. मामा थकले आहेत, तरी भाऊबीज चुकवत नाहीत. या वर्षी आत्या तिसऱ्या करंडकाचा हिशेब घेऊन येणार, दादा बेचाळीसचा आकडा सांगणार आणि मामा १९४० सालच्या त्या पंचवीस धावा पुन्हा एकदा अडवणार. मी काय सांगायचे ते अजून ठरवलेले नाही. काही सुचले नाही तर आहेच : जगात जर्मनी, भारतात परभणी.